स्टो: रुसलेल्या उमरावाची बाग

शुक्रवार

इंग्लंडमधलं बकिंगहॅम गाव संपतं तिथून एक रस्ता सुरू होतो आणि दीड मैल नाकासमोर जातो. दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा, टोकाला एक भलीमोठी दगडी कमान आणि कमानीच्या चौकटीत पलीकडचा स्टोचा महाल. जमीन चढउताराची असल्यामुळे कमान मधूनच बुडते आणि थोड्या वेळानं पुन्हा वर येते. दर वेळी वाटतं, आलंच आता. भाचा गाडीनं सोडायला तयार होता, "मावशी, उगाच पाय दुखतील," म्हणत होता. पण अठराव्या शतकात पाहुण्यांना ज्या वाटेनं आणून भारावून टाकायचे, ती वाट गाडीच्या काचेतून बघण्यात काय हशील?

ही कोरिंथियन कमान 1765 सालची. साठ फूट उंच, तेवढीच रुंद, आणि आतून कुठेच न जाणारी. खरा रस्ता तिच्यापाशी येऊन बाजूला वळतो. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन आणि जॉन अ‍ॅडम्स 1786 च्या वसंतात इथे आले होते. जेफरसननं टिपून ठेवलं की कमान निरुपयोगी दिसते, तिच्यातून कुठे जाता येत नाही आणि वर ती दूरचं छान दृश्य अडवते. शेतीवाडी असलेल्या माणसाचं ते मत. मला मात्र कमान आवडली, कारण ती काम काही करत नाही आणि तसा आवही आणत नाही.

स्टोच्या वाटेवर 1717 साली एक खाणावळवजा धर्मशाळा बांधली गेली, न्यू इन नावाची. पाहुण्यांसाठी नव्हे, बाग बघायला येणाऱ्या परक्या लोकांसाठी. म्हणजे बाग अर्धीमुर्धी तयार होती तेव्हाच ती बघायला माणसं येणार हे मालकानं गृहीत धरलेलं. मध्यंतरी ही इमारत पडायला आली होती. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं ती दुरुस्त केली आणि 2012 पासून बागेत शिरायची वाट पुन्हा तिथूनच आहे. तिकीट, चहा, स्कोन, सगळं तिथे. बेंटन सीली या बकिंगहॅममधल्या लेखन-शिक्षकानं 1744 साली या बागेची माहितीपुस्तिका छापली. इंग्लंडमधल्या एखाद्या बागेची ती पहिलीच, आणि पुढे वर्षानुवर्षं सुधारून निघत राहिली.

बेल गेटमधून आत शिरलं की ऑक्टॅगन तळ्याच्या काठावर आपण उभे राहतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे हिरवा उतार, उताराच्या माथ्यावर महालाची पिवळसर रुंद दक्षिण बाजू. सगळं इतकं सहज की कुणी काही केलंय असं वाटू नये. हे तळं नावाप्रमाणे मुळात अष्टकोनी होतं, फरसबंद काठाचं. नंतर त्याचे कोपरे मोडून ते "नैसर्गिक" करण्यात आलं. अष्टकोन करायला एक पिढी खपली आणि तो पुसायला दुसरी.

बागेचा पसारा अडीचशे एकरांच्या घरात, त्यात चाळीसेक देवळं, पूल, स्तंभ, पुतळे. देवळं म्हणायची, पण आत देव नाही, पुजारी नाही, घंटा तर नाहीच. ही सगळी उमरावांच्या हौसेची बांधकामं. आज पश्चिमेकडची बाजू पाहिली. तिथे वास्तुकार व्हॅनब्रूनं 1720 च्या सुमारास बांधलेला रोटोंडो आहे: गोल चौथरा, वर खांबांचं कडं, त्यावर घुमट, मध्ये सोन्याचा मुलामा दिलेली प्रेमदेवता व्हीनस. तळ्याच्या काठी विल्यम केंटनं बांधलेलं व्हीनसचं देऊळ, 1731 चं. आत एके काळी शृंगारिक चित्रं होती आणि आरामशीर बैठक. ट्रस्टच्या नकाशावर या बाजूला सरळ "दुर्गुणांची वाट" म्हटलंय. अ‍ॅडम्स हा कर्मठ प्युरिटन घराण्यातला. त्याचं म्हणणं, असल्या गोष्टींना माणसाला कृत्रिम उत्तेजनाची गरज नसते, तेव्हा व्हीनस आणि मद्यदेव बॅकसची देवळं इथे अनावश्यक. त्याच्या या शेऱ्यावर मी तिथेच खुदकन हसले. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं.

परतताना कुंपण शोधलं. पलीकडे मेंढ्या चरत होत्या, कोकरं बागडत होती, मध्ये ना तारा ना भिंत. काठापर्यंत गेले तेव्हा पायाखाली एक खोल चर दिसला. आपल्या बाजूनं उभी दगडी भिंत, मेंढ्यांच्या बाजूनं हळूहळू उतरत गेलेली जमीन. याला हा-हा म्हणतात. मेंढ्या येऊन भिंतीला अडतात, आणि महालातून पाहणाऱ्याला वाटतं की बाग क्षितिजापर्यंत आपलीच. चार्ल्स ब्रिजमन या बागकारानं 1720 च्या दशकात स्टोला हा चर मोठ्या प्रमाणावर खणला आणि मग इंग्लंडभर त्याचं लोण पसरलं. मालकी दाखवायची पण कुंपण दाखवायचं नाही, ही युक्ती मला फारच इंग्रजी वाटली.

शनिवार

सकाळपासून रिमझिम. इथल्या पावसाला आपल्याकडे पाऊस म्हटलं नसतं, पण बूट भिजले.

आजच्या बाजूसाठी आधी मालकाची ओळख हवी. रिचर्ड टेंपल, पहिला व्हायकाउंट कोबम. जन्म 1675 चा. मार्लबरो या नामांकित सेनापतीच्या हाताखाली लढलेला सेनानी, व्हिग पक्षाचा. 1715 साली त्यानं लंडनमधल्या एका बिअर भट्टीवाल्याच्या मुलीशी, अ‍ॅन हॅल्सीशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर भरपूर पैसा घरात आला. या बागेतल्या कितीतरी संगमरवराच्या मुळाशी बिअर आहे. 1733 साली पंतप्रधान वॉलपोलनं दारू आणि तंबाखूवर नवी अबकारी पद्धत आणायचा घाट घातला. कोबम वॉलपोलच्याच व्हिग पक्षाचा असून विरोधात गेला. वॉलपोलनं त्याची रेजिमेंट काढून घेतली. अठ्ठावन्न वर्षांचा, मूलबाळ नसलेला, लढाया जिंकलेला माणूस घरी येऊन बसला.

बसला म्हणजे नुसता बसला नाही. त्यानं हा राग दगडात बांधायला घेतला. स्टो बघायला जायचं ते एवढ्यासाठी. इतर बागा डोळ्यांना सुखावतात, ही बाग बोलते, टोमणे मारते, नावं घेते. आणि ऐकणाऱ्याला त्या काळचं राजकारण ठाऊक आहे असं धरून चालते.

जागाही तशीच निवडली. महालाच्या पूर्वेला गावाकडून येणारा जुना रस्ता होता. तो बंद करून त्या घळीत केंटनं इलिझियन फील्ड्स, म्हणजे ग्रीकांचा स्वर्ग रचला. मधून वाहणाऱ्या अरुंद पाण्याला नाव दिलं स्टिक्स, आपल्या भाषेत वैतरणीच. केंट मुळात चित्रकार, इटलीत शिकलेला, त्यामुळे इथे पायवाट जिथे वळते तिथे एक चित्र उभं राहतं. ओल्या गवतातून मी वळणावळणानं जात होते आणि तो माणूस मला कुठे थांबायचं ते सांगत होता.

वरच्या टेकाडावर प्राचीन सद्गुणांचं देऊळ, 1737 चं. गोल, खांबांचं, आत कोनाड्यांत चार ग्रीक: होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपामिनोंडास. कवी, तत्त्वज्ञ, कायदेकर्ता, सेनापती. आता तिथे मूळ पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. त्याच्या शेजारी पूर्वी आणखी एक बांधकाम होतं, आधुनिक सद्गुणांचं देऊळ. ते मुद्दाम पडकं बांधलेलं होतं, ढासळलेल्या भिंती आणि त्यात एक बिनमुंडक्याचा पुतळा. तो वॉलपोल, हे समजायला कुणाला पाटी लागत नव्हती. एका पंतप्रधानाला शिव्या द्यायला भग्नावशेष नवाकोरा बांधून घेणं! हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. आज तिथे झुडपंच उरलीत. मला वाटतं, सगळ्या बागेत हेच एक बांधकाम पुन्हा उभारायला हवं होतं.

पाण्याच्या अलीकडे ब्रिटिश थोरांचं स्मारक. अर्धगोलाकार भिंत, तीत सोळा कोनाडे, दर कोनाड्यात एक अर्धपुतळा आणि वर कोरलेला मजकूर. मी तिथे छत्री धरून बराच वेळ होते. एका बाजूला विचाराची माणसं: पोप, ग्रेशम, इनिगो जोन्स, मिल्टन, शेक्सपिअर, लॉक, न्यूटन, बेकन. दुसऱ्या बाजूला कृतीची: राजा आल्फ्रेड, ब्लॅक प्रिन्स, एलिझाबेथ, तिसरा विल्यम, रॅली, ड्रेक, हॅम्डन, बर्नार्ड. सोळांत बाई एकच, तीही राणी असावी लागली.

यादी निरखली की चावा लक्षात येतो. राजे आहेत, पण धर्मोपदेशक एकही नाही. तेव्हा गादीवर असलेल्या हॅनोव्हर घराण्यातला राजाही नाही. ब्लॅक प्रिन्स हा राजा न झालेला युवराज, आणि त्या वेळचा युवराज फ्रेडरिक बापाशी भांडून कोबमच्या गोटात आलेला. सर जॉन बर्नार्ड हे नाव आज इंग्रजांनाही सांगावं लागतं. लंडनचा हा व्यापारी आणि खासदार अबकारी विधेयकाविरुद्ध उभा राहिला, म्हणून न्यूटन-शेक्सपिअरच्या पंगतीत बसला. तो आणि कवी पोप तर पुतळे बसले तेव्हा हयात होते. पोप कोबमचा मित्र, इथे येऊन राहणारा. जिवंतपणी स्वतःचा पुतळा स्वर्गात बघून परत जेवायला बसायचं, हे कसं जमत असेल कोण जाणे.

स्मारकाच्या मागच्या बाजूला बहुतेक लोक जात नाहीत. जावं. तिथे सिन्योर फिडो नावाच्या इटालियन गृहस्थाचा मृत्युलेख आहे. तो चांगल्या कुळातला होता, इंग्लंडात आपल्या देशबांधवांसारखा आम्हाला चावायला आला नाही तर प्रामाणिकपणे पोट भरायला आला, कीर्तीच्या मागे लागला नाही, मित्रांशी इमानी होता, वगैरे वगैरे. आणि शेवटी खुलासा, की या शिळेवर खुशामतीचा दोष येत नाही, कारण ज्याच्यासाठी ती आहे तो माणूस नसून ग्रेहाउंड कुत्रा होता. पुढच्या सोळा थोरांच्या स्तुतीवर मागून मारलेला हा टोला कोबमनं स्वतःच मारून ठेवला आहे. त्याच्याबद्दल माझं मत तिथे बरंच सुधारलं.

दुपारी ऊन आलं. पॅलेडियन पुलावर डबा खाल्ला, पोळीभाजीचा. 1738 चा हा छपराचा, खांबांचा पूल विल्टन या दुसऱ्या बागेतल्या पुलावरून घेतलेला आहे, पण तिथल्यासारख्या पायऱ्या इथे नाहीत, कारण बागेत फिरणाऱ्यांची घोडागाडी वरून जायला हवी होती. तिथून चढावर गॉथिक देऊळ दिसतं. बाकी सगळी देवळं फिकट दगडाची आणि ग्रीक-रोमन वळणाची, हे एकच तांबूस-तपकिरी लोहदगडाचं, त्रिकोणी, टोकदार कमानींचं. जेम्स गिब्सनं 1741 मध्ये सुरू केलेलं. कोबमचं म्हणणं असं की इंग्रजांचं स्वातंत्र्य रोमकडून आलेलं नाही, जुन्या सॅक्सन पूर्वजांकडून आलं. दारावर फ्रेंच नाटककार कोर्नेयची ओळ कोरून घेतली: मी रोमन नाही याबद्दल देवांचे आभार. खाली बागभर रोमन देवळं बांधून झाल्यावर! शिवाय आठवड्याच्या वारांच्या सात सॅक्सन देवांचे पुतळे. राग असला की माणसाला दोन्ही बाजूंचे वकील लागतात.

आता हे देऊळ एक संस्था सुट्टीत राहायला भाड्यानं देते. एका खिडकीत कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. बरं वाटलं.

तळ्यातल्या बेटावर, जाता जाता, नाटककार काँग्रीव्हचं स्मारक: चिंचोळ्या पिरॅमिडच्या टोकावर बसून आरशात स्वतःला बघणारं माकड. विनोदी नाटक म्हणजे काय, याची व्याख्या. जास्त काही लिहायला नको.

मैत्रीच्या देवळात, जे एकोणिसाव्या शतकात जळालं आणि आता बिनछपराचं आहे, कोबमचे तरणेबांड भाचे आणि त्यांचे दोस्त जमत. "कोबमचे छावे" म्हणत त्यांना. त्यातले दोघे, जॉर्ज ग्रेनव्हिल आणि विल्यम पिट, पुढे पंतप्रधान झाले. वॉलपोल 1742 मध्ये पडला. बागेमुळे नव्हे, पण ज्या बैठकींमुळे पडला त्यांतल्या काही इथल्या.

रविवार

आजचा दिवस उत्तर-पूर्वेकडचा, आणि लॅन्सलॉट ब्राउनचा. "केपॅबिलिटी" हे टोपणनाव त्याला नंतर चिकटलं. 1741 साली पंचविशीतला ब्राउन इथे मुख्य माळी म्हणून लागला. लग्नही त्यानं इथल्याच चर्चमध्ये केलं, 1744 साली. ते सेंट मेरीचं चर्च झाडीत दडवलेलं आहे, शोधावं लागतं. स्टो हे एक गाव होतं. घरं गेली, रस्ता गेला, माणसं आसपासच्या गावांत हलली, चर्च तेवढं राहिलं, कारण ते पाडता येत नाही. त्याच्याभोवती दाट झाडं लावून स्वर्गात ते दिसणार नाही अशी सोय केली. मी आत गेले तेव्हा प्रार्थना संपून चहा चालू होता. एका बाईंनी मला बिस्किट दिलं आणि भारतात चर्चमध्ये चहा देतात का विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे देवळात प्रसाद देतात.

ग्रेशियन व्हॅली म्हणजे एक मोठी, गवताची, इंग्रजी एल अक्षरासारखी वळलेली दरी. दोन्ही काठांना झाडांचे पुंजके. ती मुळात दरी नाही. 1747 पासून ब्राउनच्या देखरेखीखाली मजुरांनी फावड्यांनी आणि हातगाड्यांनी सुमारे 23,500 घनयार्ड माती काढली. मनात तळं करायचं होतं, पाणी काही टिकेना, मग गवत राहिलं. इथे एकही टोमणा नाही. वाचायला काही नाही. केंटच्या घळीत माणूस थांबतो, बघतो, वाद घालतो, इथे नुसता चालत राहतो. दोन वर्षांत, 1749 मध्ये, कोबम वारला, ब्राउन 1751 च्या सुमारास बाहेर पडला आणि देशभर दीडशेच्या वर उद्यानं याच तऱ्हेनं आखली. आज इंग्लंडचा निसर्ग म्हणून जे कॅलेंडरवर छापतात, त्यातलं बरंचसं याच्या हाताखालच्या मजुरांनी वाहिलेलं आहे. पुष्कळांना ब्राउन केंटहून मोठा वाटतो. मला नाही वाटत. सुंदर आहे, कबूल, पण इथे उभं राहून कोणाशी भांडता येत नाही.

दरीच्या टोकाला एकोपा आणि विजयाचं देऊळ. चारही बाजूंनी खांब असलेलं, स्टोतलं सर्वात मोठं. कोबमचा भाचा अर्ल टेंपल यानं ते फ्रान्सशी झालेल्या सप्तवार्षिक युद्धानंतर, 1763 च्या तहाच्या सुमाराला विजयाला वाहिलं. पिट आता त्याचा मेहुणा होता आणि युद्ध पिटनं जिंकलेलं. त्रिकोणी कपाळपट्टीवर शिल्पकार शीमेकर्सचं शिल्प आहे: जगाचे चार खंड आपापला माल घेऊन ब्रिटानियापुढे, म्हणजे देवीरूपातल्या ब्रिटनपुढे, उभे आहेत. आधी ते पॅलेडियन पुलाच्या मागच्या भिंतीवर होतं, तिथून उचलून इथे लावलं. वॉलपोलची फजिती करणारी बाग वीस-पंचवीस वर्षांत जगाचा हिशेब मांडायला लागली.

आत भिंतींवर गोल पदकं आहेत, एकेका विजयाची. क्युबेक, मॉन्ट्रिऑल, लुइबर्ग, मार्टिनिक, हवाना-मनिला. आणि पाँडिचेरी. ते नाव दिसल्यावर मी तिथेच थबकले. फ्रेंचांचं पाँडिचेरी इंग्रज सेनापती आयर कूटच्या फौजेपुढे पडलं ते जानेवारी 1761 च्या मध्यावर. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव तिकडे रणात पडत होते आणि जेमतेम एक-दोन दिवसांच्या अंतरानं इकडे दक्षिणेत इंग्रजांचा मोठा स्पर्धक संपत होता. शाळेत आपण पहिली तारीख घोकतो, दुसरी कुणी शिकवत नाही. पुढच्या साठ वर्षांचं गणित मांडायचं तर दोन्ही शेजारी शेजारी लिहायला हव्यात. बकिंगहॅमशरच्या एका माळावर दुसरी तारीख भिंतीवर सापडली.

या देवळाचे सोळा खांब 1920 च्या दशकात काढून नेले होते, शाळेच्या प्रार्थनामंदिराला लावायला. ट्रस्टनं नवे खांब घडवून पुन्हा बसवले. शाळा म्हणजे स्टो स्कूल, 1923 पासून महालात भरणारी. बाग 1989 पर्यंत शाळेकडेच होती. आजही महाल शाळेचा, त्यामुळे आत ठरलेल्या वेळीच जाता येतं. मी गेले तेव्हा उत्तरेकडच्या हिरवळीवर मुलं क्रिकेट खेळत होती, पहिल्या जॉर्जच्या घोड्यावरच्या पुतळ्यापुढे. आत बघण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे लंबगोल दालन. वर घुमट, भोवती खोट्या संगमरवराचे सोळा खांब, त्यांच्यावरून फिरणारी रोमन विजययात्रेची पट्टी. बाकीच्या खोल्या रिकाम्या रिकाम्या वाटतात, आणि त्याचं कारण आहे.

कोबमच्या भाच्यांची ग्रेनव्हिल मंडळी एकेक पायरी चढत 1822 साली ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड चँडॉस झाली. दुसऱ्या ड्यूकनं जानेवारी 1845 मध्ये राणी व्हिक्टोरियाला इथे बोलावलं आणि थाटामाटावर पाण्यासारखा पैसा उडवला. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेलेलं. दोन वर्षांत ड्यूक परदेशी पळाला, आणि 1848 मध्ये लिलाव झाला, चाळीस दिवस चाललेला. चित्रं, पुतळे, चांदी, दारूचं तळघर, सगळं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, इथे वासे तेवढे राहिले.

त्याचा मुलगा तिसरा ड्यूक. बापाचं कर्ज फेडत बसला, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष म्हणून चक्क नोकरी केली, आणि 1875 साली मद्रासचा गव्हर्नर होऊन गेला. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा, दुष्काळी कामातून त्याचा एक टप्पा खणला गेला. कारण 1876 ते 78 चा तो महादुष्काळ. आपल्याकडे सोलापूर, विजापूर, अहमदनगर होरपळले तोच. मद्रास सरकार धान्य खरेदी करतंय, मजुरी सढळ देतंय, हे व्हाइसरॉय लिटनला खपलं नाही. त्यानं सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाठवलं. नाव कोबमचंच. या टेंपलनं दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असं माप ठरवलं. ड्यूकनं कुरकुरत ते लागू केलं आणि 1877 च्या उन्हाळ्यात मागे घेतलं. मुंबई इलाख्यात ते चालू राहिलं. मजुरांनी संप केले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांच्या बाजूनं अर्जावर अर्ज धाडले, आणि टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. तिसऱ्या ड्यूकला मुलगा नव्हता, 1889 मध्ये त्याच्याबरोबर ड्यूकपद संपलं. या बागेतल्या माणसांपैकी हा एकच मला जवळचा वाटला, आणि त्याचं इथे एकही देऊळ नाही.

सोमवार

बँक हॉलिडे, म्हणून भाचा आणि त्याची मुलगी बरोबर. गाडीनं मिडल क्लेडनला गेलो, बकिंगहॅमपासून फार लांब नाही. क्लेडन हाउस हे व्हर्नी घराण्याचं. स्टोवाल्या ग्रेनव्हिलांवर कडी करायची या ईर्षेनं दुसऱ्या अर्ल व्हर्नीनं अठराव्या शतकात ते बांधायला काढलं. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या समभागांत कर्ज काढून खेळला. मे 1769 मध्ये हैदरअलीच्या स्वाऱ्यांची बातमी लंडनला पोचली, भाव कोसळले, आणि अर्लसाहेब गाळात रुतले ते कायमचे. त्याच्यामागून पुतणीनं घराचा मोठा भाग पाडून टाकला. आज उभा आहे तो एक तुकडा. श्रीरंगपट्टणातून एक घोडदळ निघतं आणि बकिंगहॅमशरमधलं घर पडतं, हे भाचीच्या, म्हणजे भाच्याच्या मुलीच्या, फार पसंतीला उतरलं.

उरलेल्या तुकड्यात मात्र अजब कारागिरी आहे. ल्यूक लाइटफूट नावाच्या माणसानं लाकडात कोरलेले पक्षी, वेली, चिनी पॅगोडे. जिना हस्तिदंत आणि आबनूस जडवलेला, त्याच्या कठड्यात लोखंडी गव्हाच्या ओंब्या. इतक्या नाजूक की जिन्यावरून कोणी गेलं तर त्या सळसळतात. आता कोणाला जाऊ देत नाहीत. स्वयंसेवक बाईंनी सांगितलं आणि आम्ही ऐकल्यासारखं केलं.

वर फ्लॉरेन्स नाइटिंगेलची खोली. तिची बहीण पार्थेनोपी 1858 मध्ये या घरात सर हॅरी व्हर्नीची बायको म्हणून आली, आणि फ्लॉरेन्स इथे येऊन राहत असे. दिवा हातात घेतलेली बाई एवढीच आपली तिची ओळख. पण ती हिंदुस्थानात कधी न येता आयुष्यभर हिंदुस्थानावर लिहीत राहिली: सैनिकांच्या बराकी, सांडपाणी, पाटबंधारे, सावकारी. दुष्काळानंतर 1878 मध्ये तिनं शेतकऱ्यांच्या हालावर लंडनच्या मासिकात खरमरीत लेख लिहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. म्हणजे काल स्टोमध्ये ज्या अर्जांची आठवण झाली, ते करणाऱ्या मंडळींची पत्रं या बाईच्या टेबलावर येत होती.

खोलीत पलंग, काही कपडे-वस्तू, भिंतीवर चित्रं. मी स्वयंसेवक बाईंना पुण्याच्या पत्रांबद्दल विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी वही काढली आणि "सार्वजनिक सभा" हे नाव माझ्याकडून अक्षर अक्षर सांगून घेतलं. मी सभेच्या गणेश वासुदेव जोशींचंही नाव घातलं. खाली भाचा गाडीशी उभा होता, पार्किंगची वेळ संपत आलेली, आणि मुलगी विचारत होती की हैदरअलीनं आणखी कोणाचं घर पाडलं.